संस्थापक आणि भाडेकरू : मॅकडोनाल्ड्सच्या उदयाच्या तीन कथनांची चिकित्सा

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील खाद्यव्यवसायाचे स्वरूप ज्या पद्धतीने पालटले, ती पद्धत फ्रँचायझी या नावाने ओळखली जाते. मूळ कंपनीने आपले नाव व कार्यपद्धती वापरण्यास द्यावी, स्थानिक उद्योजकाने स्वतःचे भांडवल आणि श्रम घालून दुकान चालवावे व विक्रीतील ठरावीक हिस्सा मूळ कंपनीस द्यावा, असे या व्यवहाराचे सर्वसाधारण स्वरूप असते. मॅकडोनाल्ड्स ही उपाहारगृहांची साखळी या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण होय. २०२३ च्या अखेरीस या साखळीची जगभरात ४१,००० हून अधिक उपाहारगृहे होती आणि त्यांपैकी सुमारे ९५ टक्के फ्रँचायझीधारकांकडून चालविली जात होती.

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या वर्गांत या साखळीचा उल्लेख बहुधा यशकथा म्हणून होतो. यशकथा हाही एक कथनप्रकारच आहे. त्याला नायक असतो, निवेदक असतो आणि काय सांगावे व काय वगळावे याचे संकेतही असतात. म्हणून या कथेची चिकित्सा अर्थशास्त्राइतकीच साहित्यविचाराच्या अंगानेही करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात तीन कथनांचा परामर्श घेतला आहे. पहिले, रे क्रॉक याचे रॉबर्ट अँडरसन यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘ग्राइंडिंग इट आउट’ हे १९७७ मधील आत्मचरित्र. दुसरे, जॉन ली हॅन्कॉक दिग्दर्शित ‘द फाउंडर’ हा २०१६ मधील चित्रपट. आणि तिसरे, इतिहासकार मार्शिया चॅटलेन यांचा ‘फ्रँचायझ’ हा २०२० मधील ग्रंथ. पहिली दोन कथने परस्परविरोधी भासत असली, तरी दोहोंचा प्रश्न एकच आहे : या साखळीचा खरा संस्थापक कोण? या प्रश्नाच्या प्रकाशझोतात ज्याच्या भांडवलावर साखळी वाढली, तो फ्रँचायझीधारक अंधारात राहतो. त्याची ओळख दुकानदार अशी असली, तरी करारातील त्याचे स्थान भाडेकरूचे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

घटनाक्रम

कथनांकडे वळण्यापूर्वी घटनाक्रम थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. रिचर्ड व मॉरिस मॅकडोनाल्ड हे बंधू कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे १९४० पासून उपाहारगृह चालवीत होते. १९४८ मध्ये त्यांनी चालता धंदा काही काळ बंद ठेवून त्याची आमूलाग्र पुनर्रचना केली. गाडीपाशी जाऊन पदार्थ देणाऱ्या वाढपी मुलींना रजा देण्यात आली, पदार्थांची यादी नऊवर आणली गेली, काटे-चमचे व बशा यांच्या जागी कागदी वेष्टने आली आणि हॅम्बर्गरची किंमत १५ सेंट ठेवण्यात आली. स्वयंपाकघरातील प्रत्येक हालचाल कारखान्यातील जुळणीप्रमाणे ठरविली गेली. याच पद्धतीला त्यांनी वेगवान सेवेचे नाव दिले.

मिल्कशेक घुसळण्याची पाच दांड्यांची यंत्रे विकणारा क्रॉक १९५४ मध्ये तेथे पोहोचला, तेव्हा तो ५२ वर्षांचा होता. एकाच दुकानाने अशी आठ यंत्रे घेतल्याचे त्याला कुतूहल होते. बंधूंनी त्यापूर्वीच काही फ्रँचायझी दिल्या होत्या. ॲरिझोनातील फिनिक्स आणि कॅलिफोर्नियातील डाउनी येथील उपाहारगृहे १९५३ मध्येच सुरू झाली होती. तथापि विस्ताराची दगदग त्यांना नको होती. क्रॉकने ती स्वीकारली आणि १५ एप्रिल १९५५ रोजी इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे आपले पहिले उपाहारगृह उघडले. कंपनीने आपला आरंभ याच दिवसापासून मोजला. ही गणनाच मुळात एक कथनकृती आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. डाउनीचे दुकान त्यापूर्वीचे असूनही ते बंधूंच्या करारातून आले असल्याने १९९० पर्यंत कंपनीच्या छत्राबाहेरच राहिले.

आत्मचरित्र : चिकाटीचे कथन

क्रॉकच्या आत्मचरित्राचे मध्यवर्ती मूल्य चिकाटी हे आहे. मधुमेह, संधिवात, शस्त्रक्रिया आणि उतारवय या साऱ्यांवर मात करून उभा राहणारा विक्रेता असे निवेदकाचे आत्मरूप आहे. निवेदनाची शैली विक्रेत्याचीच आहे. वाक्ये सुटसुटीत, प्रसंग चटपटीत आणि प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी एखादा धडा. आपल्या चुका मान्य करण्याचा मोकळेपणाही निवेदकाजवळ आहे. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या कॅथलिक ग्राहकांसाठी त्याने स्वतः शोधलेला अननसाच्या चकतीचा हुला बर्गर सपशेल पडला, हे तो विनोदाने सांगतो. हा मोकळेपणा वाचकाचा विश्वास संपादन करतो. परंतु लहान चुकांची अशी कबुली मोठ्या व्यवहारांची चिकित्सा टाळण्याचे साधनही ठरते.

मॅकडोनाल्ड बंधूंविषयीचा कडवटपणा आत्मचरित्रात लपून राहत नाही. मूळ करारानुसार इमारतीत वा कार्यपद्धतीत कोणताही बदल करावयाचा झाल्यास बंधूंची लेखी संमती आवश्यक होती. तोंडी होकार द्यावयाचा आणि लेखी काहीच पाठवावयाचे नाही, या त्यांच्या वागण्याने आपण कायद्याच्या कचाट्यात सापडलो, अशी क्रॉकची तक्रार आहे. ही तक्रार निराधार नव्हती. परंतु तिच्यातून करार म्हणजे उद्यमशील माणसाच्या पायातील बेडी, अशी प्रतिमा तयार होते. हाच निवेदक त्याच काळात इतर शेकडो उद्योजकांकडून वीस-वीस वर्षांचे, याहून कडक करार करून घेत होता. आपल्या पायातील बेडी त्याला बोचते. इतरांच्या पायांतील बेडीला तो गुणवत्तेची शिस्त म्हणतो. आत्मचरित्राचे निवेदन ही विसंगती कोठेही ओलांडत नाही.

एक गोष्ट मात्र क्रॉकच्या बाजूने नोंदविली पाहिजे. तत्कालीन अनेक फ्रँचायझी कंपन्या मोठ्या प्रदेशाचे हक्क भरमसाट रकमेस विकून मोकळ्या होत किंवा दुकानदारांना चढ्या भावाने कच्चा माल पुरवून नफा काढीत. क्रॉकने प्रवेशशुल्क केवळ ९५० डॉलर ठेवले, एका वेळी एकाच दुकानाचा हक्क दिला आणि पुरवठ्यातून नफा काढण्याचे टाळले. दुकानदार बुडाला तर कंपनीही बुडेल, हे त्याचे सूत्र होते आणि साखळीच्या आरंभीच्या यशाचे ते एक खरे कारण होय. आयुष्यभराची बचत घालून १९५५ मध्ये वॉकेगन येथे दुकान उघडणाऱ्या ॲगेट दांपत्याची कथा क्रॉक याच सूत्राचा दाखला म्हणून सांगतो. परंतु तेथेही ते दांपत्य दाखल्यापुरतेच राहते.

चित्रपट : विश्वासघाताचे कथन

रॉबर्ट सीगल यांच्या पटकथेवर आधारलेला ‘द फाउंडर’ हा चित्रपट आत्मचरित्राचा प्रतिवाद म्हणून उभा आहे. मायकेल कीटन यांनी साकारलेला क्रॉक पहिल्याच दृश्यात कॅमेऱ्याकडे पाहून यंत्र विकण्याचे भाषण करतो. अखेरीस यशाच्या शिखरावर असतानाही तो आरशासमोर भाषणाचा सराव करताना दिसतो आणि त्या भाषणातील शब्द उसने आहेत हे प्रेक्षकाला ठाऊक असते. आरंभ व शेवट यांच्या या जुळणीतून चित्रपट एक मर्मभेदक विधान करतो. क्रॉकजवळ स्वतःचे असे काही नाही. त्याचे कौशल्य दुसऱ्याचे आपले करून सांगण्यात आहे.

चित्रपटातील सर्वांत सुंदर दृश्य टेनिसच्या मैदानावरचे आहे. बंधू खडूने स्वयंपाकघराचा आराखडा आखतात, पुसतात, पुन्हा आखतात आणि त्या रेषांत तरुण कामगार कल्पित पदार्थ करण्याचा सराव करतात. श्रमाचे विभाजन येथे जणू नृत्यासारखे दिसते. हे दृश्य बंधूंच्या प्रतिभेची साक्ष देते आणि पुढील अन्यायाची तीव्रता वाढविते. पण याच दृश्यात एक मौनही आहे. ज्या मुलांच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या जात आहेत, त्यांना एकही महत्त्वाचे वाक्य दिलेले नाही. प्रतिभेचा वारसा कोणाचा, हा वाद दोन मालकांमध्येच चालतो.

फ्रँचायझीधारकांच्या वाट्याला चित्रपटात काही मिनिटांची दृश्यमालिका येते. आधी क्रॉकचे क्लबमधील धनिक मित्र दुकाने घेतात व शिस्त मोडतात. नंतर तो मध्यमवर्गीय, कष्टाळू दांपत्यांकडे वळतो. सभागृहांतून त्याची भाषणे होतात, माणसे नावे नोंदवितात, दुकाने उघडतात. त्यानंतर हे चेहरे पडद्यावरून नाहीसे होतात. त्यांनी काय गुंतविले, काय कमावले, कोणत्या अटी मान्य केल्या, हे प्रेक्षकाला कळत नाही. विश्वासघाताच्या नाट्याला दोन भाऊ व एक खलनायक पुरेसे असतात.

कराराचे अंतरंग

या नाट्याच्या मधोमध असलेला करार बारकाईने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. सुरुवातीला दुकानदाराने विक्रीच्या १.९ टक्के रक्कम द्यावयाची होती. त्यांपैकी ०.५ टक्के मॅकडोनाल्ड बंधूंना आणि उरलेले १.४ टक्के क्रॉकच्या कंपनीला मिळत. समजा, एका दुकानाची वार्षिक विक्री दोन लाख डॉलर आहे. त्यातून क्रॉकच्या हाती वर्षाला केवळ २,८०० डॉलर येत. एवढ्या रकमेत जागेची निवड, प्रशिक्षण व देखरेख यांचा खर्च भागणे कठीण होते. दुकाने वाढत होती, पण कंपनी तोट्याच्या काठावर होती.

यावर उपाय शोधला तो हॅरी सॉनबॉर्न याने. चित्रपटात त्याची व क्रॉकची भेट योगायोगाने बँकेत होते. वस्तुतः तो टेस्टी-फ्रीझ या आइस्क्रीमच्या साखळीचा अनुभव घेऊन आला होता. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या फ्रँचायझ रिअल्टी कॉर्पोरेशनने जमीन व इमारत दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यावयाची आणि तीच दुकानदाराला पोटभाड्याने द्यावयाची, अशी ही योजना होती. भाड्यावर आधी २० व पुढे ४० टक्के वाढ आकारली जाई. किंवा विक्रीच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती घेतली जाई. वरील उदाहरणातील दुकानाकडून पाच टक्क्यांच्या हिशोबाने १०,००० डॉलर येतात. २,८०० च्या तुलनेत या आकड्याचे महत्त्व सांगावयास नको.

तथापि पैशापेक्षाही अधिक महत्त्वाचे होते ते नियंत्रण. कार्यपद्धतीच्या अटी मोडणाऱ्या दुकानदाराविरुद्ध न्यायालयात जाणे वेळखाऊ व अनिश्चित होते. पण त्या अटी भाडेपट्ट्याशी जोडल्या गेल्यावर अट मोडणे म्हणजे जागा गमावणे, असा अर्थ झाला. नाव कंपनीचे, पद्धत कंपनीची आणि आता पायाखालची जमीनही कंपनीच्या ताब्यातील. भांडवल व श्रम मात्र दुकानदाराचे. आपल्याकडील कूळ आणि जमीनमालक यांचे नाते ज्यांना परिचित आहे, त्यांना या रचनेचे मर्म चटकन उमगेल. फरक इतकाच की, येथील भाडेकरू सामान्यतः गरीब नसे आणि अनेकांनी या व्यवहारातून संपत्तीही मिळविली. परंतु संपत्ती मिळणे आणि स्वामित्व मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजही फ्रँचायझीधारकांकडून मिळणाऱ्या कंपनीच्या उत्पन्नात रॉयल्टीपेक्षा भाड्याचा वाटा मोठा आहे.

१९६१ मध्ये क्रॉकने बंधूंचे सर्व हक्क २७ लाख डॉलरना विकत घेतले. भाड्याच्या उत्पन्नामुळेच एवढे कर्ज उभे करणे शक्य झाले. बंधूंच्या हाती सॅन बर्नार्डिनोचे मूळ दुकान राहिले. पण स्वतःचे आडनाव दुकानावरून उतरवून त्यांना ‘बिग एम’ हे नाव घ्यावे लागले. क्रॉकने जवळच मॅकडोनाल्ड्स उघडले व बिग एम पुढे बंद पडले. चित्रपट या घटनेचे करुण चित्रण करतो, ते योग्यच आहे. मात्र बंधूंना निदान मोबदला मिळाला. साखळीची कल्पकता ज्यांनी पुढे नेली त्यांचे काय? मासळीचे सँडविच १९६२ मध्ये सिनसिनाटीच्या लू ग्रोन या दुकानदाराने आणले, तर बिग मॅक १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील जिम डेलिगॅटी या दुकानदाराने. हे पदार्थ साखळीचे झाले. या दोघांना संस्थापक म्हणण्याचा प्रश्न मात्र कोणत्याच कथनात उपस्थित होत नाही.

ग्रंथ : फ्रँचायझीधारकाचे कथन

हा भाडेकरू कथेच्या केंद्रस्थानी येतो तो चॅटलेन यांच्या ग्रंथात. इतिहासलेखनासाठी २०२१ चा पुलित्झर पुरस्कार मिळविणाऱ्या या ग्रंथाचा विषय कृष्णवर्णीय अमेरिकन समाज आणि मॅकडोनाल्ड्स यांचे नाते हा आहे. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अनेक शहरांत उद्रेक झाला. कृष्णवर्णीय वस्त्यांतील गोऱ्या दुकानदारांना तेथे राहणे नकोसे झाले आणि कंपनीला नवे दुकानदार हवे झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये हर्मन पेटी हे शिकागोत साखळीचे पहिले कृष्णवर्णीय फ्रँचायझीधारक बनले. १९६९ मध्ये क्लीव्हलँड येथे कृष्णवर्णीय मालकीच्या मागणीसाठी उपाहारगृहांवर बहिष्कार घालण्यात आला. नागरी हक्कांची चळवळ, शासनाचे कृष्णवर्णीय भांडवलशाहीचे धोरण आणि कंपनीची बाजारपेठेची गरज या तिन्ही गोष्टी फ्रँचायझीच्या एकाच करारपत्रात कशा येऊन मिळाल्या, हे चॅटलेन साधार दाखवितात.

या ग्रंथाचे मोठेपण त्याच्या समतोलात आहे. कृष्णवर्णीय दुकानदार येथे कंपनीचे बळी म्हणून येत नाहीत आणि मुक्तिदाते म्हणूनही येत नाहीत. ते रोजगार देतात, शिष्यवृत्त्या देतात, संघटना बांधतात. त्याच वेळी कठीण जागा, महाग विमा आणि मर्यादित निवड यांच्याशी झगडतात. सामाजिक न्यायाची मागणी दुकानाच्या मालकीच्या मागणीत रूपांतरित झाल्याने काय साधले व काय हरवले, हा या ग्रंथाचा खरा प्रश्न आहे. २०२० मध्ये ५२ माजी कृष्णवर्णीय फ्रँचायझीधारकांनी, आपणास जाणीवपूर्वक कमी उत्पन्नाच्या जागा दिल्या गेल्या, असा आरोप करीत कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारला. या वादाचे मूळ जागा कोण ठरवितो या प्रश्नात आहे, हे पाहता १९५६ च्या योजनेचे दूरगामी स्वरूप ध्यानी येते.

मात्र या ग्रंथातही दुकानात उभा राहणारा वेतनधारी कामगार तुलनेने दूर राहतो. फ्रँचायझीच्या रचनेत त्याचा मालक दुकानदार असतो. कामाची पद्धत मात्र कंपनी ठरविते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधून सुरू झालेल्या वेतनवाढीच्या आंदोलनाने हा पेच चव्हाट्यावर आणला. कंपनीस सहमालक मानता येईल, अशी भूमिका अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या महाधिवक्त्याने २०१४ मध्ये घेतली. परंतु २०१९ मध्ये ते प्रकरण कंपनीला सहमालक न ठरविता तडजोडीने मिटले. टेनिसच्या मैदानावरील मुलांचे मौन असे सात दशके टिकून राहिले आहे.

भारतीय संदर्भ

ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅकडोनाल्ड्सने दिल्ली व मुंबई येथे भारतातील पहिली उपाहारगृहे उघडली. उत्तर व पूर्व भारतात विक्रम बक्षी आणि पश्चिम व दक्षिण भारतात अमित जटिया हे भागीदार होते. गोमांस व डुकराचे मांस वगळणे, शाकाहारी पदार्थांची स्वतंत्र व्यवस्था आणि बटाट्याच्या टिक्कीचा बर्गर यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने पुरवठासाखळी अधिक लक्षणीय होय. आरंभीच्या काळात बारामतीच्या डायनॅमिक्स डेअरीचे चीज, तळेगाव परिसरातील त्रिकाया ॲग्रिकल्चरचे लेट्यूस आणि तळोजा येथील व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्सची टिक्की या साखळीला पुरविली जात असे. प्रमाणीकरणाची शिस्त अशा रीतीने दुकानापलीकडे शेत व गोठ्यापर्यंत पोहोचली.

भागीदारीच्या इतिहासाने मात्र जुनाच प्रश्न नव्याने पुढे आणला. २०१३ मध्ये बक्षी यांना व्यवस्थापकीय संचालकपदावर पुन्हा नेमले गेले नाही. प्रकरण कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले आणि २०१७ मध्ये त्यांना पद परत मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने उत्तर व पूर्वेकडील १६९ उपाहारगृहांचा फ्रँचायझी करार संपुष्टात आणल्याचे जाहीर केले. मे २०१९ मध्ये समझोता होऊन कंपनीने बक्षी यांचा हिस्सा घेतला. येथे नियंत्रणाचे साधन जमिनीऐवजी नावाचा परवाना हे होते. दोन दशके व्यवसाय उभारणारा भागीदार निम्म्या हिश्श्याचा धनी असला, तरी पाटीवरील नावाचा तो धनी नव्हता. आपले आडनाव उतरविणारे मॅकडोनाल्ड बंधू आणि हे भागीदार यांच्या परिस्थितीत मोठे अंतर आहे. पण नाव कोणाचे, या प्रश्नाची धार दोन्हीकडे सारखीच आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, आत्मचरित्राने चिकाटीचा आणि चित्रपटाने विश्वासघाताचा आश्रय घेऊन एकाच मर्यादेत राहणे पसंत केले आहे. दोन्हींत इतिहास व्यक्तीच्या स्वभावातून घडतो. क्रॉक सज्जन असता तर साखळीचे स्वरूप वेगळे झाले असते, असा समज चित्रपट पाहून होतो. पण भाडेपट्ट्याच्या अटी सज्जनाच्या हातीही तेच काम करतात. चॅटलेन यांचा ग्रंथ स्वभावाकडून रचनेकडे दृष्टी वळवितो, म्हणूनच तो या तिहींत अधिक टिकाऊ ठरतो.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याला विशेष महत्त्व आहे. आज वडापावपासून शिकवणी वर्गांपर्यंत अनेक व्यवसायांत फ्रँचायझी हा परवलीचा शब्द झाला आहे. आईवडिलांची बचत घेऊन अशा करारावर सही करणारा तरुण बहुधा आपल्याच वर्गांतून बाहेर पडलेला असतो. त्याला संस्थापकाची गोष्ट पाठ असते. कराराची मुदत, जागेचा ताबा, करार संपल्यावर उरणारे हक्क यांविषयी त्याला क्वचितच कोणी सांगितलेले असते. हजारांत एखादा क्रॉक होतो; बाकीच्यांच्या वाट्याला दुकानदाराची भूमिका येते. यशकथा शिकवावयाची असेल, तर तिच्या शेजारी करारपत्रही वाचावयास ठेवले पाहिजे. पाटीवरील नाव कोणाचे आहे, हे विद्यार्थ्याला दुरूनही दिसते. पाटीखालची जागा कोणाची आहे, हे पाहण्यास त्याला शिकविणे हे वर्गाचे काम होय.